केबलला उतार हवा

१० एप्रिल २०१६, रविवार

उस्मानपुऱ्यातून दोन नवे कॉम्प्युटर आणले. एक उमाचा, एक माझा. उमाचा तिच्या एफडीतून. माझा गरजेचा होता म्हणून.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो, पुढं उपयोगी पडेल. पुण्याच्या एका कंपनीनं उमाची निवड केली आहे. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की रेकॉर्डरवर बोलतात, ते ऐकून हिनं घरी बसून टाइप करायचं. परीक्षेत हिच्या सगळ्यात कमी चुका निघाल्या म्हणे. लग्नाआधी शाळेत इंग्रजी शिकवायची. मग माझ्या बदल्या सुरू झाल्या आणि ती घरी बसली, सुखात. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी एकाएकी नोकरी. हौस आहे, होऊ दे. कंपनीची अट एकच: वाय-फाय चालणार नाही, वायरचंच नेट पाहिजे, आणि ते दिवसभर तुटता कामा नये. रुजू व्हायची तारीख ९ मे.

माझा कॉम्प्युटर देखरेखीसाठी.

संकल्प: वायरिंगचं सगळं काम मी स्वतः करणार. शाखा अभियंता म्हणून आयुष्य कालव्यांवर गेलं. वरून सोडायचं, खाली पोचवायचं, मधे गळू द्यायचं नाही. पाणी काय नि डेटा काय.

११ एप्रिल, सोमवार

केबलवाला सत्यम येऊन गेला. कानात हेडफोन, गालात मावा. टीव्हीच्या फळीवर नेटची डबी ठेवली, डबीतून हातभर वायर काढून उमाच्या कॉम्प्युटरला खोचली. हिरवा लाइट लागला. नेट सुरू. चहा उकळायच्या आत काम खलास.

मी विचारलं, डबी किती उंचीवर आहे? म्हणाला, फळी जितकी उंच तितकी. मी म्हटलं, आणि कॉम्प्युटर? म्हणाला, टेबल जितका उंच तितका. म्हणजे उतार शून्य. लेव्हलला लेव्हल. कालव्याची अशी चारी माझ्या सेक्शनमध्ये कुणी खोदली असती तर मी बिल पास केलं नसतं. हे त्याला नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, साहेब, लाइट लगा ना? फिर कायको टेन्शन? आणि माव्याची पिचकारी आमच्या तुळशीशेजारी टाकून गेला.

उमा म्हणाली, झालं की हो.

झालेलं नाही. आज चाललं म्हणजे उद्या चालेल असं नसतं. डबी काढून कपाटात ठेवली. वायर गुंडाळली.

१७ एप्रिल, रविवार

सुट्टी सत्कारणी. डबी गच्चीवर नेली. पाण्याच्या टाकीशेजारच्या चबुतऱ्यावर पत्र्याच्या पेटीत बसवली. आमच्या रो-हाऊसमध्ये याहून उंच जागा नाही. खरं तर टाकीच्या झाकणावरच ठेवणार होतो, पण उमा म्हणाली, टाकी रिकामी आहे, वाऱ्यानं डबीसकट जाईल. (बायपासच्या पलीकडं कॉलन्या झाल्या, नळ बसले, नळाला पाणी यायचं राहिलं. टँकर येतो.)

पेटीतून दोन केबली. पहिली वरच्या खोलीत माझ्या कॉम्प्युटरला, म्हणजे हेड. दुसरी जिन्याच्या डक्टमधून खाली, हॉल ओलांडून कोठीच्या खोलीत उमाला, म्हणजे टेल, चारीचं शेवटचं टोक. उमानं विचारलं, काम माझं आहे तर मी टेलला कशी? मी म्हटलं, हेडला जबाबदारी असते.

दुसऱ्या केबलवर जीव ओतला. लेव्हल ट्यूब लावून उतार काढला. गच्चीपासून कॉम्प्युटरपर्यंत कुठं झोळ नाही, कुठं काटकोन नाही. काटकोनात प्रवाह अडखळतो. त्यामुळं हॉलमध्ये केबल भिंतीच्या कडेनं न जाता मधून जाते, मोठं देखणं वळण घेऊन, खांद्याच्या उंचीवरून. शेजारच्या द्वारकाबाई विरजण मागायला आल्या आणि त्यांच्या गळ्याला लागली. म्हणाल्या, अगं बाई वहिनी, वाळत घालायची दोरी लई खाली बांधली वो. जाताना खांद्यावरचा ओला पंचा त्यावर टाकून गेल्या. वाळला की नेते म्हणाल्या.

माझी केबल घाईत खिडकीतून आत घेतली. खिडकीपाशी तिला झोळ राहिला. बघू पुढं कधी.

१८ एप्रिल, सोमवार

उमाकडं हिरवा लाइट नाही.

जॅक मीच बसवले होते, म्हणजे तिथं चूक असणं शक्य नाही. आत आठ बारीक रंगीत तारा असतात. वरच्या टोकाला केशरी आधी घेतली, खालच्या टोकाला केशरी शेवटी. जाणारं आणि येणारं एकाच तोंडानं कसं जाईल? साधा विचार आहे.

चिन्मयला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, बाबा, दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सेम लागतो, फोटो पाठवतो. पोरगा कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे, त्यामुळं प्रत्यक्ष कामाचा अनुभव कमी.

१९ एप्रिल, मंगळवार

ऑफिसातून आलो तर उमाकडं हिरवा लाइट! मी काहीच केलेलं नसताना.

कारण उघड आहे. नवी चारी पहिलं पाणी स्वतः पिते. तळ भिजला की मगच पुढं वाहतं. केबलचंही तसंच दिसतं. एक रात्र द्यावी लागते. हे कुठल्या पुस्तकात नसेल.

उमाच्या टेबलावर भुवया कोरायचा चिमटा, कात्री आणि जॅकचे कापलेले तुकडे पडले होते. मोबाइलवर चिन्मयचा तो फोटो उघडा. पसारा करायची तिची जुनी सवय.

२२ एप्रिल, शुक्रवार

नवीनच प्रकार. सकाळी नेट ठणठणीत. दुपारी बाराच्या पुढं बंद. ऊन कललं की पुन्हा सुरू. तीन दिवस हेच.

ऑफिसात विचार करायला वेळ भरपूर. धरण मृतसाठ्यात, कालव्यात पोरांचं क्रिकेट. आम्ही उपविभागात पंख्याखाली बसून पंख्याकडं बघतो. विचारांती निदान: चोरी. नेमक्या दुपारी, जेव्हा गस्त नसते. आमची आणि द्वारकाबाईंच्या यजमानांची, नानासाहेबांची, गच्चीची भिंत एक. केबल त्या भिंतीला लागून जाते.

२४ एप्रिल, रविवार

नानासाहेबांच्या घरी पंचनामा केला. माणूस देवगाव रंगारीचा, तिकडं शेती, इकडं मुलाच्या नोकरीसाठी रो-हाऊस. बोलायला मोकळा. जरा जास्तच.

विचारलं, दुपारी बारा ते पाच काय करता? म्हणाले, झोपतो. विचारलं, झोपायच्या आधी कुठल्या वायरला काही जोडता का? म्हणाले, व्हय, कूलर जोडतो. विचारलं, घरात कॉम्प्युटर आहे का? म्हणाले, नाय. सुनेला घ्यायचाय, पण तुमचा बघून ती भ्याली.

मग म्हणाले, साहेब, आमच्या बापानं शेतात पाणी येईना म्हणून चपला झिजवल्या. एक माणूस बघायला नाय आला. आता तुमच्या घरातली वायर कोरडी पडली तर लगेच पंचनामा व्हय? लई तत्परता आली की.

पंचनाम्यावर सही मागितली. त्यांनी लिहिलं: वाचून पाहिले, हसू आले. आणि खाली सही. असला शेरा ग्राह्य धरता येत नाही. फाइल केला.

२६ एप्रिल, मंगळवार

पाळीपत्रक तयार केलं. उन्हाळी आवर्तनाला नियोजन लागतं. दुपारी बाष्पीभवन जास्त, म्हणून बारा ते पाच उमाचं गेट बंद. सकाळी आणि संध्याकाळी तिची पाळी. माझी बारमाही, कारण मी मोजमाप घेतो. (मोजमापासाठी जुन्या गाण्यांचे व्हिडिओ लावून ठेवतो. प्रवाह डोळ्यांना दिसतो.)

उमा म्हणाली, अहो, कंपनी दुपारीच चालते. मी म्हटलं, त्यांना पाळीपत्रकाची प्रत पाठव.

संध्याकाळी चिन्मयचा फोन. म्हणतो, पेटी पत्र्याची, वर एप्रिलचं ऊन, आत डबी भाजून निघते म्हणून बंद पडते, खाली आणा. मी म्हटलं, आमचं धरण इतकी वर्षं उन्हात आहे, ते कधी बंद पडलं का? तो म्हणाला, बाबा, आणि त्यात पाणी किती आहे सध्या?

उद्धट. फोन ठेवला.

२९ एप्रिल, शुक्रवार

कंपनीच्या हिमानी मॅडमनी दुपारी उमाची लाइन तपासली. तपासता तपासता तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. मॅडम चिन्मयपेक्षा एखाददोन वर्षांनीच मोठी असेल. तिनं उमाला सांगितलं, ९ तारखेला दिवसभर लाइनवर लक्ष ठेवू. त्या दिवशी तुटली तर जागा दुसऱ्या बाईला जाईल, नाइलाज आहे.

जेवताना उमा म्हणाली, मला ही नोकरी पाहिजे. मी म्हटलं, हौसेला मी कधी नाही म्हटलंय? ती म्हणाली, हौस नाही. पाहिजे आहे. आवाज चढवला नाही. ताटातला भात चिवडत बसली. पुढं म्हणाली, परीक्षेला बसले तेव्हा इतक्या वर्षांनी कुणी माझं काही तपासलं, आणि बरोबर निघालं.

मी म्हटलं, भाताला मीठ कमी आहे.

ते खरंच कमी होतं.

३० एप्रिल, शनिवार

घरातच फितुरी. मी ऑफिसात असताना उमानं डबी गच्चीवरून काढून पुन्हा टीव्हीच्या फळीवर ठेवली आणि सत्यमची ती हातभर वायर लावून दिवसभर बसली. कॉम्प्युटरसुद्धा कोठीतून हॉलमध्ये ओढलेला. म्हणे सकाळपासून एकदाही तुटलं नाही, हिमानी मॅडम खूष आहेत.

उघड आहे. इतके दिवस वर साठलेला दाब आज वापरला गेला. उद्या काय? बायकांना आजचंच दिसतं.

सगळं पूर्ववत केलं. डबी गच्चीवर, कॉम्प्युटर कोठीत. उमा दारात उभी राहून बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणसावर असा विश्वास बसतो.

१ मे, रविवार

ऑफिसात झेंडावंदन. पेढा बारीक होता.

चिन्मयचं उष्णतेचं म्हणणं खोडून काढायचं तर आधी उष्णता काढून दाखवली पाहिजे. गुलमंडीतून वाळ्याचा पडदा आणला, पेटीभोवती गुंडाळला. आता तो ओला कसा ठेवायचा? बादल्या कोण वाहणार? आणि एकदम सुचलं. ठिबक! प्रात्यक्षिकाच्या कामातून उरलेला संच माळ्यावर होता. एक रिकामा ड्रम गच्चीवर चढवून भरला, नळी सोडली, कॉक बसवला. थेंब थेंब पडदा भिजतो, पेटी गार, डबी सुखात. अख्ख्या मराठवाड्यात ठिबकवरची ही पहिली डबी असावी.

३ मे, मंगळवार

उमानं विचारलं, पिण्याचा ड्रम अर्ध्यावर कसा आला? मी म्हटलं, बाष्पीभवन. ती म्हणाली, झाकण आहे की त्याला. मी म्हटलं, तुला ते कळायचं नाही.

४ मे, बुधवार

पूर्ण दुपार लाइट हिरवा. पूर्ण दुपार! मी ऑफिसातून तासातासाला फोन करून विचारत होतो. शेवटी शेवटी उमा फोन उचलून नुसतं हिरवा म्हणायची आणि ठेवायची.

ऑफिसात सर्वांना सांगितलं. उपअभियंता म्हणाले, वा. याचा एक पेपर करायला हवा. शीर्षक ठरवलं आहे, बाकी लिहायचं.

टँकर आला तेव्हा उमा कॉलनीतल्या बायकांबरोबर हंडे घेऊन उभी होती. मी गच्चीवर कॉक बघत होतो. ड्रम भरून घ्यायचा निरोप वरूनच दिला.

८ मे, रविवार

उद्या उमाचा पहिला दिवस. त्यात अक्षय्य तृतीया. मुहूर्त शोधावा लागला नाही. मी रजा टाकली आहे.

संध्याकाळी ती माझ्यापाशी आली. म्हणाली, एक मागू? फक्त उद्याचा एक दिवस डबी खाली आणू या. परवा तुम्ही परत वर न्या, पाहिजे तर तिच्यासाठी मनोरा बांधा, मी काही म्हणणार नाही. एक दिवस.

मी हसून म्हटलं, अगं, चालू आवर्तनात गेट हलवत नाहीत. ती म्हणाली, मी हात जोडते. मी म्हटलं, जोड, पण घाबरू नकोस, मी आहे.

ती आत गेली. तिला धीर आला असावा.

९ मे, सोमवार

सकाळी ७.०० पडदा भिजवला. ड्रम काठोकाठ.

९.०५ उमा बसली. कानाला हेडफोन. नवी साडी कशाला नेसली कळत नाही, तिकडून कोण बघतंय? लाइट हिरवा.

११.३० हिरवा. ऊन जबर. खबरदारी म्हणून कॉक थोडा सोडला.

१२.४५ नानासाहेब त्यांच्या गच्चीवरून विचारतात, साहेब, डब्यात कोणतं पीक घेतलं वो? दुर्लक्ष.

१.३० कॉक पूर्ण सोडला. पेटीला हात लावला तर हिवाळा. खाली डोकावून आलो. उमा टाइप करते आहे, बोटं दिसत नाहीत. मधेच स्वतःशी हसली. लाइट हिरवा. दीड वाजता हिरवा! चिन्मयला मेसेज टाकला: काय रे?

२.२० खालून फट्‌ असा आवाज. फार मोठा नाही.

संध्याकाळी ६.०० झाल्या प्रकाराचं तांत्रिक विवरण. पडद्याचं जादा पाणी केबलवर उतरलं. केबलवरून डक्टमध्ये, डक्टमधून हॉलच्या वळणावर, वळणावरून कोठीत, आणि थेट उमाच्या कॉम्प्युटरच्या मागच्या भोकात. वाटेत कुठं थेंब सांडलेला नाही. फरशी मी स्वतः हातानं चाचपून पाहिली, खडखडीत कोरडी. वहनात गळती शून्य. नोकरीत एकाही चारीवर हे साधलं नव्हतं. टेलला पूर्ण पाणी, तेही दुष्काळात.

माझ्या केबलचं पाणी खिडकीपाशी झोळात साठून खाली गळून गेलं. माझा कॉम्प्युटर चालू आहे. उमाला म्हटलं, माझ्यावर बस. पण कंपनीचा प्रोग्राम तिच्याच मशिनला बांधून दिलेला, दुसऱ्यावर उघडत नाही. मशिन पुसून, पंख्यासमोर धरून पाहिलं. उपयोग झाला नाही.

गळती शून्य असल्याचं उमाला सांगितलं. तिनं हेडफोन काढून वायर नीट गुंडाळली, खोक्यात ठेवली, आणि विचारलं, तुम्ही जेवलात का?

मी जेवलो नव्हतो. तिनं वाढलं. आंब्याचा रस होता.

१० मे, मंगळवार

उमाचा कॉम्प्युटर घेऊन उस्मानपुऱ्याला दुकानात गेलो. सदोष माल, बदलून द्या, असा स्पष्ट पवित्रा. दुकानदारानं मशिन काउंटरवर ठेवून तिरपं केलं. काउंटरवर ओघळ आला, त्याच्या बिलबुकापर्यंत. दुकानातली सगळी माणसं जमली.

तो म्हणाला, साहेब, आमच्या गल्लीत आठ दिवस नळाला पाणी नाय. तुमच्या कॉम्प्युटरला कसं काय आलं? कोणत्या नगरसेवकाला धरलं?

पोरं हसली. मी म्हटलं, वॉरंटी. तो म्हणाला, वॉरंटीत वीज बसते साहेब, विहीर बसत नाय.

ग्राहक मंचात जाण्याचा विचार आहे.

१२ मे, गुरुवार

हिमानी मॅडमचा उमाला फोन. घरून करायची जागा नाशिकच्या एका बाईंना गेली. मला आत कुठंतरी हायसं वाटलं, म्हणजे उमाचा ताण गेला म्हणून. पण फोन संपेना. मॅडम म्हणाल्या, सोमवारी लाइन जाईपर्यंत तुम्ही जे टाइप केलं त्यात एकही चूक नाही. पुण्याच्या ऑफिसात एक खुर्ची आहे, याल का?

उमा म्हणाली, येते.

येते! माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी समोरच उभा होतो. फोन ठेवल्यावर म्हटलं, मला विचारायचंस तरी. ती म्हणाली, तुम्ही डबी वर नेताना विचारलं होतं का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१५ मे, रविवार

उमा आज गेली. चिन्मयच्या खोलीवर राहणार.

सेंट्रल बसस्टँडवर सोडायला गेलो. म्हटलं, घराचं काय? म्हणाली, घर कुठं जातंय. म्हटलं, माझ्या जेवणाचं? म्हणाली, द्वारकाबाईंना डबा सांगितलाय, तिखट बेताचं टाका म्हटलंय. म्हटलं, टँकर? म्हणाली, हंडे मोरीत आहेत, रांगेत भांडू नका, तुम्हाला जमत नाही. शेवटी म्हटलं, किती दिवसांसाठी चाललीस ते तरी सांग.

त्यावर बॅग वर चढवत म्हणाली, तुमच्या बदलीची ऑर्डर आली की मी कधी विचारलं होतं, किती दिवसांसाठी? भांडी बांधायला घ्यायची. ही माझी बदली समजा.

कंडक्टर म्हणाला, काका, यायचंय का नाय? नसेल तर उतरा.

बस सुटली. मी हात हलवला. काच बंद होती, एसीची असल्यामुळं.

एकूण परिणाम चांगलाच म्हणायचा. घरी बसून टायपिंग करणारी बाई आज पुण्यात ऑफिसात. मूळ कारण कोण, हे ज्याचं त्याला कळतं. धरणात पाणी आलं की येईल परत. पुण्याची हवा तिला मानवत नाही. निदान पूर्वी मानवायची नाही.

२२ मे, रविवार

सखोल अभ्यासानंतर निष्कर्ष: वापरणारा एकच असेल तर कमी दाब पुरतो. त्यानुसार डबी खाली आणली, टीव्हीच्या फळीवर. माझा कॉम्प्युटर टेबलावर. मधे हातभर वायर. लाइट हिरवा. हॉलमधली केबल काढून टाकली.

द्वारकाबाई डबा घेऊन आल्या. पिठलं, भाकरी. तिखट बेताचं नव्हतं. वर बघून म्हणाल्या, दोरी काढली व्हय? वहिनी होत्या तवा निदान टॉवेल तरी वाळायचा. नानासाहेबांनी निरोप पाठवला होता, सुनेसाठी कॉम्प्युटर घेतला, वायर जोडून दिली कुणीतरी, चालतोय. साहेबांना म्हणावं बघायला या, पण हात मागं बांधून या.

जाणार नाही.

संकल्प: उमाला एकदा लाइन दाखवायची. प्रत्यक्ष. डोळ्यांनी बघितल्यावर माणसाचा ग्रह बदलतो. कॅमेरा आणणे.

२९ मे, रविवार

दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. ठरल्याप्रमाणं दुपारी तीन वाजता व्हिडिओ कॉल. भर दुपारी, मुद्दाम.

पहिल्याच रिंगला लागला. उमा समोर. केस खांद्यापर्यंत कापलेत, नवा चष्मा. गळ्यात कंपनीचं कार्ड, त्यावर तिचा फोटो. रविवारीसुद्धा कामावर जाते आहे म्हणाली, दिवस बदलून सुट्टी असते. मागं चिन्मय दात घासत गेला. दुपारी तीनला! पण आज त्यावर बोललो नाही.

मी लाइनची माहिती दिली. दाब, लांबी, वायरची प्रत. ती ऐकत होती. मधे म्हणाली, टँकर आला का? म्हटलं, आला. म्हणाली, रांगेत भांडलात? म्हटलं, थोडं. म्हणाली, बीपीची गोळी? म्हटलं, घेतो.

मग ठरवलेलं वाक्य बोललो. दोन दिवस तयार करत होतो. म्हटलं, आता नेट बिलकुल तुटत नाही. दिवसभर बसलीस तरी तुटणार नाही. येऊन बघ एकदा.

ती जागची हलली नाही. नुसती बघत होती, पापणी न लववता. मला वाटलं, चित्र अडकलं. वायर दाबून पाहिली. लाइट हिरवाच. मग दिसलं की तिच्या मागचा पंखा फिरतोय.

म्हणाली, ठेवते. बस चुकेल.

तपासणी अहवाल. कॉल चालू असेतो लाइट हिरवा. चित्र स्वच्छ. आवाज स्वच्छ. एकदाही खंड नाही. कनेक्शन पलीकडून बंद करण्यात आलं. आपल्या बाजूनं दोष आढळला नाही.